दारात रस्ता खोदला जाताना: नव्या नगरसेवकाने लोकांना काय, कधी आणि कसं कळवावं

निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात जे फोन येतात, त्यांतले बहुतेक दोनच प्रश्न विचारतात. "हे कधी संपणार?" आणि "आम्हाला आधी कोणी सांगितलं का नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठेकेदार, पाऊस आणि जमिनीखालचे जुने पाइप मिळून ठरवतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र पूर्णपणे तुमच्या हातात असतं.

मी एका प्रभागाचं काम पाच वर्षं केलं. सुरुवातीचं दीड वर्ष मी लोकांना कामाची माहिती द्यायचो: कामाचं नाव, मंजूर निधी, भूमिपूजनाचे फोटो. मग एका सकाळी माझ्याच गल्लीतल्या एका काकूंचा फोन आला. त्यांच्या यजमानांना डायलिसिसला न्यायचं होतं आणि फाटकासमोर चार फूट खोल चर होता. त्या कामाची बातमी मी आदल्याच दिवशी दिली होती, फोटोसकट. त्यांच्या फाटकासमोर चर कधी येणार, हे मात्र त्या बातमीत कुठेच नव्हतं. त्या दिवसापासून मी संदेश लिहायची पद्धत बदलली. ती पद्धत इथे पहिल्यापासून सांगतो. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कुठेही पहिल्यांदा निवडून आलेल्यांना ती वापरता येईल, आणि नगरसेवकाच्या कार्यालयात बसून फोन घेणाऱ्या कार्यकर्त्यांनाही.

पहिली पायरी: रस्ता कोणाचा, हे ठरवा

७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. शहरी स्वराज्य संस्थांकडे सोपवायच्या १८ विषयांची ती यादी आहे आणि तिच्यात "रस्ते आणि पूल" चौथ्या क्रमांकावर आहेत. म्हणून लोक प्रत्येक रस्त्यासाठी तुमच्याकडेच येतात, आणि यायलाच हवेत. पण प्रभागातला प्रत्येक रस्ता पालिकेच्या ताब्यात नसतो. एखादा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, एखादा राष्ट्रीय महामार्गाचा. औद्योगिक वसाहतीजवळ एमआयडीसीचा, छावणीला लागून असेल तर छावणी परिषदेचा. आणि सर्वांत किचकट प्रकार म्हणजे खासगी ले-आउटमधला रस्ता, जो विकसकाने पालिकेला अजून हस्तांतरितच केलेला नाही. तिथे राहणारे घरपट्टी भरतात, त्यांना वाटतं रस्ता पालिकेचा. पालिका म्हणते, ताब्यात नाही, खर्च करता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात प्रभागाचा मोठा नकाशा छापून घ्या, कनिष्ठ अभियंत्याला शेजारी बसवा आणि प्रत्येक रस्त्यावर मालकाप्रमाणे वेगळा रंग मारा. दोन तासांचं काम आहे. पुढच्या पाच वर्षांत "बघतो, सांगतो" असं म्हणायची पाळी निम्म्याने कमी येईल. रस्ता दुसऱ्या खात्याचा असेल तर लोकांना तसं सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या खात्याला पत्र गेलं आहे, त्याचा आवक क्रमांक हा, हेही सांगा. "आमच्याकडे येत नाही" हे वाक्य एकटं कधीच पाठवू नका.

आपला अधिकार कुठपर्यंत आहे, हेही याच आठवड्यात समजून घ्या. राज्यातल्या महापालिका १९४९च्या अधिनियमावर चालतात, मुंबईसाठी १८८८चा स्वतंत्र कायदा आहे, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५चा. सगळीकडे एक गोष्ट समान आहे: काम करून घेणारं प्रशासन असतं, म्हणजे आयुक्त किंवा मुख्याधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे अभियंते. तुम्ही मागणी करता, सभागृहात आणि प्रभाग समितीत विषय लावून धरता, निधी मिळवता, कामावर लक्ष ठेवता. म्हणून "मी रस्ता करून देत आहे" असं लिहू नका. तसं लिहिलंत की काम रखडल्यावर "रस्ता मीच अडवला" असा त्याचा अर्थ होतो, आणि तो काढणाऱ्यांचं काही चुकत नाही.

दुसरी पायरी: कार्यादेश हातात घेतल्याशिवाय एक ओळ लिहू नका

काम मंजूर झालं म्हणजे सुरू झालं, असं नवख्या माणसाला वाटतं. आधी अंदाजपत्रक बनतं, मग प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग गरजेप्रमाणे स्थायी समिती, मग करार, आणि शेवटी कार्यादेश, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. अंदाजपत्रकात रक्कम दिसली म्हणून आनंदाने जाहीर करून टाकलेली किती तरी कामं पुढची दोन वर्षं निविदेतच अडकलेली मी पाहिली आहेत. लोक तारीख विसरत नाहीत. मंजुरीची बातमी द्यायचीच असेल तर "मंजूर झालं, निविदा निघायची आहे, प्रत्यक्ष काम कधी ते आज सांगता येत नाही" एवढं पूर्ण सांगा.

कार्यादेशात बघायच्या गोष्टी मोजक्याच. काम कुठून कुठपर्यंत आहे. मुदत किती आहे आणि ती कोणत्या तारखेपासून मोजायची. वरचा थर डांबराचा, काँक्रीटचा की पेव्हर ब्लॉकचा. आणि दोष दायित्व कालावधी किती, म्हणजे काम झाल्यावर किती काळ बिघाड ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. ही शेवटची ओळ नकाशाच्या मागे लिहून ठेवा. तिची गरज नंतर लागणार आहे.

हे कागद लपवण्यासारखे नसतात. माहिती अधिकार कायदा, २००५च्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाने बरीच माहिती कोणी न मागता जाहीर करायची असते. नागरिकाने १० रुपये भरून अर्ज केला तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि त्याला कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचा नमुना घेण्याचाही अधिकार आहे. मग तीस दिवस कशाला घालवायचे? कामाचं नाव, रक्कम, मुदत, ठेकेदार आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला फलक कामाच्या जागी लावायला अभियंत्याला सांगा आणि त्याचाच फोटो लोकांना पाठवा. माझ्या अनुभवात संशयाचे निम्मे फोन त्या एका फलकाने थांबतात.

आणखी एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. पालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा आर्थिक हितसंबंध असणं कायद्याने अपात्रतेचं कारण आहे. नातेवाइकाचा डंपर, मित्राचा जेसीबी, असं काही कामावर दिसलं तर आधी ते सोडवा. तोवर तुमच्या कोणत्याही संदेशाला वजन येणार नाही.

तिसरी पायरी: जमिनीखाली काय चाललंय, ते समजून घ्या

हा भाग मी थोडा सविस्तर सांगतो, कारण लोकांचा राग बहुतेक वेळा न कळल्यातून येतो आणि समजावून सांगणारं कोणी नसतं.

"आत्ताच तर केला होता रस्ता, परत खोदला!" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकाल. रस्त्याखाली एकावर एक खाती राहतात: सर्वांत खोल ड्रेनेज, त्याच्या वर पाण्याची लाइन, त्याच्या आसपास वीज, गॅस आणि इंटरनेटच्या केबल. ड्रेनेजचं पाणी उतारानेच वाहतं म्हणून ती लाइन खोल जाते आणि ती आधी टाकावी लागते. मग पाणी, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी वरचा थर. हा क्रम मोडला की नवा रस्ता फुटतो. म्हणून काम सुरू व्हायच्या महिनाभर आधी कनिष्ठ अभियंत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: या रस्त्यावर येत्या वर्षभरात आणखी कोणाचे खोदाईचे अर्ज आहेत? पाणीपुरवठा, ड्रेनेज, महावितरण, गॅस, केबल, सगळ्यांची यादी घ्या. एखाद्याचं काम बाकी असेल तर वरचा थर थांबवायला सांगा आणि का थांबवला, ते लोकांना सांगा. "रस्ता दोन महिने उशिरा होईल, कारण पाण्याची लाइन आधी बदलून घेतोय, म्हणजे परत खोदावा लागणार नाही." अशा संदेशावर मला एकदाही शिवी खावी लागलेली नाही.

चर बुजवल्यावर महिन्याभरात तिथे नाली पडते. याचं कारण सरळ आहे. चर भरताना माती आणि मुरूम साधारण १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत टाकून प्रत्येक थर दाबावा लागतो. घाईत एकदम सगळं लोटून वरून रोलर फिरवला तर वरची कातडी घट्ट होते आणि आत पोकळी राहते. पहिल्या पावसाचं पाणी आत मुरलं की माती बसते. चर भरला जातो त्या दिवशी अर्धा तास तिथे उभं राहणं, हे उद्घाटनापेक्षा मोलाचं काम आहे.

डांबर गरम असतानाच पसरावं आणि दाबावं लागतं. प्लांटमध्ये त्याचं मिश्रण साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेलं असतं, रस्त्यावर येईपर्यंत थोडं निवतं. गार झालेलं मिश्रण दाबलं जात नाही, आणि ओल्या खडीला डांबर धरत नाही. म्हणून पावसात डांबरीकरण करू नका म्हणतात, आणि म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर पालिका खोदाईच्या परवानग्या थांबवतात. ऑगस्टमध्ये खड्डा तात्पुरता भरला तर "तात्पुरता" हाच शब्द लिहा आणि पक्कं काम पाऊस ओसरल्यावर कधी होईल तेही लिहा.

काँक्रीटचं वेगळं. ते दोन दिवसांत कडक दिसतं, पण त्याची ताकद मोजायची प्रमाण मुदत २८ दिवसांची असते. सुरुवातीचे दिवस त्याच्यावर पाणी ठेवावं लागतं. वाफे करून किंवा ओली गोणपाटं टाकून. रिकामा, तयार दिसणारा रस्ता बंद का, असं लोक विचारतात आणि रात्री कोणीतरी बॅरिकेड सरकवून गाडी घालतो. हे आधीच सांगा. आणखी एक सांगा: काँक्रीट झाल्यावर थोड्याच वेळात यंत्राने त्याच्यात आडव्या रेषा कापतात. त्या तडा नसतात. काँक्रीट सुकताना आकसतं, ते वेडंवाकडं कुठेही फुटू नये म्हणून ठरलेल्या जागी त्याला मुद्दाम वाट करून देतात आणि मग ती फट भरून घेतात. हे माहीत नसल्यामुळे "नवा रस्ता पहिल्याच दिवशी फुटला" असे व्हिडिओ फिरतात.

आणि रस्त्याची उंची. जुना थर न खरवडता त्याच्यावर नवा, मग पुन्हा नवा, असं होत गेलं की रस्ता घराच्या उंबऱ्यापेक्षा वर जातो आणि पावसाचं पाणी घरात शिरतं. जुन्या वस्त्यांमध्ये हा प्रश्न खड्ड्यांपेक्षा गंभीर आहे. काम सुरू व्हायच्या आधी चार घरांच्या उंबऱ्यांच्या खुणा रंगाने भिंतीवर करून ठेवा. नंतरचे वाद त्या खुणेजवळ संपतात.

चौथी पायरी: एकदा चालून या

काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी कनिष्ठ अभियंता आणि ठेकेदाराचा पर्यवेक्षक यांना घेऊन सकाळी आठच्या सुमारास पूर्ण लांबी चाला. शाळेची रिक्षा, कचऱ्याची गाडी, दूध, पाण्याचा टँकर, ऑफिसला निघणारे, सगळे त्याच वेळी रस्त्यावर असतात. वहीत घर क्रमांकाप्रमाणे लिहा: कोणाकडे चाकाची खुर्ची आहे, कोणाचं बाळंतपण जवळ आलंय, कुठे दवाखाना आहे, कुठे पिठाची गिरणी, कोणत्या कार्यालयात लग्नाची तारीख आहे, कोणत्या मंडळाचा मांडव पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, आणि ३१ मार्चच्या आत निधी खर्च व्हावा म्हणून कामांची घाईही तेव्हाच असते. परीक्षा केंद्रासमोरच्या रस्त्याचं काम त्या आठवड्यांत नको, हे आधी सांगितलं तर ऐकलं जातं. जेसीबी आल्यावर कोणी ऐकत नाही.

ही वही फक्त तुमच्याकडे राहील. तिच्यातलं आजारपण, बाळंतपण, घरातल्या अडचणी गटावर कधीच जाणार नाहीत, हे कार्यकर्त्यांनाही बजावून सांगा.

वाहतूक वळवायची असेल तर वाहतूक पोलिसांची परवानगी झाली का, पर्यायी रस्त्याचे फलक, रात्रीचे दिवे, चराभोवती कठडा, हे याच फेरीत विचारा. कामाच्या जागच्या सुरक्षेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अभियंत्यांना ती माहीत असतात, कोणीतरी आठवण करून द्यावी लागते. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५मध्येच म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायचा आदेश दिला. कठड्याचा आग्रह धरताना संकोच करू नका.

पाचवी पायरी: संदेश लिहा

आधी नेहमी दिसणारा संदेश बघा.

"प्रभागातील नागरिकांच्या सोयीसाठी आपल्या लाडक्या नगरसेवकांच्या अथक प्रयत्नांतून ड्रेनेज लाइन टाकण्याच्या कामाचा शुभारंभ होत आहे. तरी नागरिकांनी सहकार्य करावे."

सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं, हे यातून कोणालाच कळत नाही. आता हा वाचा.

"पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या फाटकापर्यंत नवी ड्रेनेज लाइन टाकायची आहे. सोमवार ९ तारखेला सकाळी ९ला सुरुवात, गुरुवार १९ तारखेपर्यंत चर बुजवून होईल. टाकीकडून सुरुवात आहे, त्यामुळे घर क्र. १ ते १४ समोर पहिल्या आठवड्यात, पुढच्या घरांसमोर दुसऱ्या आठवड्यात.
चारचाकी: रविवारी रात्रीच बाहेर काढून मैदानाच्या कडेला लावा. दुचाकीला डाव्या बाजूने वाट राहील.
पाणी: रोजच्या वेळी येईल. फक्त बुधवारी ११ तारखेला येणार नाही, मंगळवारी भरून ठेवा.
कचरा गाडी: सकाळी साडेसातला कोपऱ्यापर्यंतच येईल.
या दिवसांत कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, तुमच्या दारात चरावर लोखंडी प्लेट टाकून घेऊ. रात्री-अपरात्री गरज पडली तर थेट फोन करा.
जागेवरचे पर्यवेक्षक आणि कनिष्ठ अभियंता यांचे नंबर फलकावर आहेत.
पुढची खबर शुक्रवारी १३ तारखेला संध्याकाळी ७ वाजता."

यात मुद्दाम काय केलंय, ते बघा. कामाचं सरकारी नाव नाही. टाकी आणि शाळा आहे, कारण लोक पत्ता तसाच सांगतात. वार आणि तारीख दोन्ही आहेत. "लवकरच", "युद्धपातळीवर", "अंतिम टप्प्यात" हे शब्द नाहीत. ते इतके वापरले गेलेत की त्यांना आता अर्थ उरलेला नाही. आभार कोणाचेच नाहीत. आणि शेवटची ओळ, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाची आहे. पुढची खबर कधी येणार हे माहीत असलं की माणूस मधे फोन करत नाही, वाट बघतो.

संदेश पाठवण्याआधी तो गल्लीतल्या एखाद्या आजींना आणि एखाद्या रिक्षाचालकाला वाचून दाखवा. दोघांनी एखादा प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर संदेशात राहून गेलेलं असतं.

सहावी पायरी: संदेश पोचतोय का, ते बघा

व्हॉट्सअॅप गटावर टाकलं म्हणजे कळवलं, असं नाही. गटावर घरातला एकच जण असतो, बहुतेकदा दिवसभर बाहेर राहणारा. चर मात्र दिवसभर घरात असणाऱ्यांना अडवतो. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात छापलेली सूचना प्रत्येक फाटकावर, जिन्याखाली, रिक्षा थांब्यावर, शाळेच्या फळ्यावर लावा. भाडेकरू, हातगाडीवाले, घरकामाला येणाऱ्या बायका सोसायटीच्या गटात नसतात. त्यांना तोंडी सांगायला एक कार्यकर्ता ठेवा. दिसायला त्रास होणाऱ्यांसाठी तोच मजकूर स्वतःच्या आवाजात एका मिनिटात रेकॉर्ड करून पाठवा. आवाज तुमचाच असू दे, लोकांना तो ओळखीचा वाटतो.

मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो, पण राज्यातल्या इतर बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून चौघे आणि नगरपरिषदांत बहुधा दोघे निवडून येतात. एकाच चराबद्दल चार जण चार तारखा सांगू लागले की लोक चौघांवरचाही विश्वास काढून घेतात. पक्ष वेगळे असले तरी कामाच्या सूचनेपुरतं एकत्र या: मजकूर एक, खाली चौघांची नावं, तारखा अभियंत्याने तपासलेल्या. मला यासाठी विरोधी पक्षाच्या सहकाऱ्याच्या घरी तीनदा जावं लागलं. चौथ्या वेळी तेच माझ्याकडे मसुदा घेऊन आले.

आणि नगरसेविका असाल तर सूचनेवर तुमचाच नंबर द्या, घरातल्या दुसऱ्या कोणाचा नको. राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. गल्लीतली बाई पाण्याबद्दल, शौचालयाबद्दल, अंधाऱ्या कोपऱ्याबद्दल जे तुमच्याशी बोलेल, ते दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही.

सातवी पायरी: काम चालू असताना

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी खबर द्या, काही घडलं नसलं तरी. "या आठवड्यात ४० मीटर झालं, ६० बाकी, तारीख तीच" एवढं पुरे. फोटो टाकायचा तर चराचा टाका, स्वतःचा नको.

तारीख चुकणार हे तुम्हाला लोकांच्या आधी कळतं: मजूर कमी दिसतात, पाइप आलेले नसतात, खडक लागलेला असतो. त्याच संध्याकाळी सांगा. कारण एका वाक्यात, नवी तारीख, आणि तोवर कोणाला काय सोय करून देतोय ते. "शाळेजवळ खडक लागला, ब्रेकरने फोडावा लागतोय, चार दिवस वाढतील. मुलांसाठी मागच्या फाटकाने वाट करून दिली आहे." नवी तारीख माहीत नसेल तर ती कोणत्या दिवशी सांगाल, ते लिहा. ठेकेदाराची चूक असेल तर त्याला नोटीस गेली की नाही, हे सांगा. त्याच्यावर गटात तोंडसुख घेऊ नका. त्याने काम सोडलं तर हाल गल्लीचेच होतात.

तक्रारी वहीत लिहा: तारीख, घर, काय, कोणाला सांगितलं, कधी मिटलं. तक्रारदाराचं नाव आणि नंबर गटावर टाकू नका. चर खोदताना पाण्याची लाइन फुटली, केबल तुटली, तर ती बातमी तुमच्याकडूनच आधी गेली पाहिजे, दुरुस्तीची वेळ ठरली नसली तरी.

आठवी पायरी: रस्त्यासोबत प्रभागाचं बाकीचं जगणं

शुक्रवारच्या खबरीत रस्त्याच्या खाली दोन-तीन ओळी इतर गोष्टींसाठी ठेवा: लसीकरणाचा दिवस, रक्तदान शिबिर, वाचनालयाची बदललेली वेळ, हरवलेलं पाकीट, शाळेचा प्रवेश. एवढ्यानेच लोक ती खबर रस्ता नसतानाही उघडतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पक्षाचे कार्यक्रम वेगळ्या गटावर न्या. दोन्ही एकत्र आले की पाणी बंद असल्याची सूचना शुभेच्छांच्या गर्दीत हरवते.

मदत मिळालेल्या माणसाचा फोटो टाकू नका. शिधा, वैद्यकीय मदत, शिष्यवृत्ती घेताना कोणाचाही चेहरा प्रभागभर फिरू नये. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की कामाच्या श्रेयाचे संदेश बंद, नवी भूमिपूजनं बंद. आधीच कार्यादेश निघून सुरू झालेलं काम थांबत नाही, पण त्याच्या सूचना तेव्हा प्रशासनाच्या नावाने जाऊ द्या.

फेरीवाल्यांचा विषय रस्त्याच्या प्रत्येक कामात येतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा स्वतंत्र कायदा आहे. रुंदीकरणात जागा जाणार असेल तर त्यांनाही इतरांसारखीच तारीख आधी कळली पाहिजे. त्यांचं पोट त्या चार फुटांवर असतं.

नववी पायरी: काम संपल्यावर

संपलं असं ठेकेदार म्हणतो त्या दिवशी पुन्हा चाला, तीच वही घेऊन. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत आहेत का. पावसाचं पाणी जाळीकडे वाहतंय का. बादलीभर पाणी ओतलं की कळतं. फाटकासमोरचा उतार गाडी घासण्याइतका उंच झालाय का. उंबऱ्यांच्या खुणा जुळतायत का. राडारोडा उचललाय का. उरलेल्या गोष्टींची यादी अभियंत्याला लेखी द्या आणि तीच यादी शुक्रवारच्या खबरीत टाका.

रस्ता गुळगुळीत झाला की आठवडाभरात गतिरोधकाची मागणी येते, आणि कोणीतरी रात्रीत सिमेंटचा उंचवटा घालून मोकळा होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, आणि त्याच्या आधी फलक व रंगाचे पट्टे असतात. त्याहून अरुंद, उंच ढेकूळ म्हणजे रात्रीच्या दुचाकीस्वाराचा अपघात आणि पाठीच्या रुग्णाचे हाल. मागणी आली की तिचं पत्र वाहतूक विभागाकडे द्या, आणि तोवर कोणी स्वतःहून काही घालू नये, हे स्पष्ट लिहा.

नकाशाच्या मागे लिहिलेला दोष दायित्व कालावधी आता उपयोगी येतो. मोबाइलमध्ये आठवण लावा: तो संपायच्या तीन महिने आधी पूर्ण रस्त्याची पाहणी. खड्डा, बसलेला चर, फुटलेलं झाकण, सगळ्याचे तारखेसकट फोटो काढून अभियंत्याला पत्र द्या. मुदत उलटल्यावर तेच काम पालिकेच्या, म्हणजे लोकांच्या, पैशांनी करावं लागतं.

त्याआधी पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री एकदा छत्री घेऊन त्या रस्त्याने जाऊन या. कुठे पाणी साचतंय, कोणाच्या दारात शिरतंय, ते तेव्हाच दिसतं. सकाळी सातच्या आत त्या घरांना फोन करा आणि अभियंत्याला तिथेच बोलावून घ्या.